उन्हाळी माळव्याची तारीख कोण ठरवतं? देहू परिसराच्या इतिहासातून एक संशोधन-प्रश्न

पीएच.डी.च्या प्रपोजलमध्ये ‘नियोजन’ हा शब्द फार सहज येतो. ‘अल्पभूधारक शेतकऱ्यांसाठी उन्हाळी भाजीपाला लागवडीचं नियोजन’ हे शीर्षक घ्या. ऐकायला सोपं वाटतं. पीक, जात, लागवडीचा महिना, काढणीचा महिना असा चार रकान्यांचा तक्ता केला की झालं, असं आपल्यासारख्या सायन्सवाल्यांना वाटतं. असे तक्ते कृषी विद्यापीठांच्या दैनंदिन्यांत आहेतच आणि ते चुकीचेही नाहीत. पण मग शेतकरी ते जसेच्या तसे का पाळत नाही?

याचं उत्तर शोधायला मी तुम्हाला इतिहासात नेणार आहे, तेही एकाच पट्ट्याच्या: देहू, चाकण आणि पिंपरी-चिंचवड. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. लागवडीची तारीख बियाणं एकटं ठरवत नाही. विहिरीत किती पाणी आहे, ते वर काढायला कोण आहे, जमिनीचा तुकडा केवढा आहे आणि माल कुठल्या बाजारात जाणार आहे, हे सगळं मिळून ती तारीख ठरते. यातलं प्रत्येक उत्तर वेगवेगळ्या काळात बदललं, म्हणून तारीखही बदलत गेली.

जुन्या कागदांत ‘उन्हाळी हंगाम’ शोधू नका

जुन्या महसुली कागदांत पिकांचे हंगाम मुख्यतः दोन: खरीप आणि रब्बी. भाजीपाला सापडतो तो हंगामाच्या नावाखाली नाही, तर जमिनीच्या वर्गात. पावसावरची ती जिरायत आणि पाण्याखालची ती बागायत. बागायतीतही दोन प्रकार: नदी-ओढ्याच्या पाटावर भिजणारं ते पाटस्थळ आणि विहिरीवर भिजणारं ते मोटस्थळ. म्हणजे त्या काळच्या कारकुनाच्या दृष्टीने ‘भाजी कधी लावली’ यापेक्षा ‘पाणी कुठून आलं’ हा प्रश्न मोठा होता, कारण सारा त्यावर ठरायचा.

संशोधनाच्या दृष्टीने ही गोष्ट महत्त्वाची आहे. तुम्ही ‘उन्हाळी भाजीपाला’ हा आजचा शब्द घेऊन जुन्या दप्तरात शिरलात तर हात हलवत परत याल. ‘मोटस्थळ’ घेऊन गेलात तर हाती काहीतरी लागेल. आपली संज्ञा आणि कागदाची संज्ञा एक नसते, हे आर्काइव्हमध्ये जाण्याआधी लक्षात ठेवा.

देहूची भौगोलिक जागाही बघा. इंद्रायणी लोणावळ्याजवळ उगम पावते. तिथे वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तर पुण्यात सातशेच्या आसपास. या दोहोंच्या मधल्या उतारावर देहू. पावसाळ्यात नदी दुथडी, पण फाल्गुनानंतर जे काही पिकवायचं ते विहिरीच्या किंवा डोहाच्या भरवशावर.

मोटेचं गणित

आता एक हिशोब करू. आकडे मी गृहीत धरलेत, ते तुम्ही बदलून बघा.

एक गुंठा म्हणजे एकरचा चाळिसावा भाग, साधारण १०० चौरस मीटर. दहा गुंठे म्हणजे १,००० चौरस मीटर. त्यावर १ मिलिमीटर पाणी द्यायचं म्हणजे १,००० लिटर. एप्रिल-मेच्या उन्हात भरात आलेल्या पिकाला रोज ६ मिलिमीटर धरा. झाले ६,००० लिटर. पाटातून, दांडातून जाताना पाणी मुरतं, उडून जातं. दिलेल्या पाण्यातलं ६० टक्के मुळांना पोचतं असं मानलं तर विहिरीतून रोज १०,००० लिटर काढायला हवं.

एका मोटेत १५० लिटर पाणी धरा. दहा हजार लिटरला ६७ मोटा. बैल धावेवरून खाली जाणार, मोट थारोळ्यात रिकामी होणार, बैल मागे येणार. एका खेपेला पावणेदोन मिनिटं धरली तर दहा गुंठ्यांना रोज सुमारे दोन तास लागतात. एका एकराला आठ तास! म्हणजे बैलजोडी आणि एक माणूस दिवसभर फक्त मोटेवर. तेही वैशाखात, जेव्हा कडबा संपत आलेला असतो आणि त्याच बैलांना पुढे मृगाच्या पेरणीसाठी ताकद राखायची असते.

या गणितातून एक गोष्ट स्पष्ट होते. मोटेच्या काळात उन्हाळी माळवं विहिरीलगतच्या थोड्या गुंठ्यांतच होऊ शकत होतं. लागवड लवकर उरकून मेच्या आत पीक मोकळं करणं यात शहाणपण होतं, कारण बैल आणि विहीर दोघंही मे महिन्यात थकलेले असतात.

बैल नाहीत किंवा विहीर आटली तर? देहूला ही आठवण फार जुनी आहे. १६३०-३२ चा दख्खनचा दुष्काळ तुकाराम महाराजांच्या आयुष्यातला मोठा आघात मानला जातो. त्या काळात त्यांच्या घरातली माणसं गेली, असं चरित्रपरंपरा सांगते. ते घर सावकारी-महाजनकीचं होतं. अशा घराची ही गत झाली तर दहा-वीस गुंठे कसणाऱ्याचं काय झालं असेल याचा अंदाज करा.

विहीर खणायला पैसे कुठून?

१८७६-७८ च्या दुष्काळानंतर सरकारला विहिरींचं महत्त्व नव्याने पटलं. १८८३ चा जमीन सुधारणा कर्ज कायदा आणि १८८४ चा शेतकरी कर्ज कायदा यांतून तगाई मिळू लागली. पहिल्यात विहिरी, ताली, बांध यांसारखी कायमची कामं, तर दुसऱ्यात बी-बियाणं आणि बैल.

याच सुमारास, १८८३ मध्ये, जोतीराव फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ लिहिला. आपण तो सामाजिक ग्रंथ म्हणून वाचतो. एकदा पाणी-व्यवस्थापनाचा ग्रंथ म्हणून वाचून बघा. पलटणीतल्या आणि पोलिसांतल्या रिकाम्या मनुष्यबळाकडून ताली, बंधारे बांधून घ्यावेत, पाणी जमिनीत मुरवावं, म्हणजे विहिरींना पाणी टिकेल, असा विचार त्यात आहे. फुले नुसते बोलत नव्हते. पुण्याजवळ मांजरीला मुठा कालव्याच्या पाण्यावर त्यांनी स्वतः शेती केली होती.

इथे एक तुलना करता येते. खडकवासल्याच्या धरणामुळे १८७०च्या दशकाच्या शेवटी पुण्याच्या पूर्वेला कालव्याचं पाणी आलं. मांजरी-हडपसरच्या माळ्याची तारीख कालव्याच्या पाळीवर ठरू लागली. वायव्येला देहूकडे हा कालवा नव्हता, तिथली तारीख विहिरीवरच राहिली. एकाच जिल्ह्यात, एकाच हवामानात, एकाच पिकाची दोन वेळापत्रकं! ‘पुणे जिल्ह्यासाठी उन्हाळी भेंडीची शिफारस’ असं एका ओळीत लिहिताना हे आठवायला हवं.

तुकडा केवढा?

आता या पट्ट्यातल्या सर्वांत उपयोगी अभ्यासाकडे येऊ. हॅरॉल्ड मॅन हा इंग्रज रसायनशास्त्रज्ञ आधी आसामात चहावर काम करत होता. १९०७ मध्ये तो पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचा प्राचार्य झाला. माती तपासता तपासता त्याच्या लक्षात आलं, की माती कसणाऱ्या घराचा हिशोब कळल्याशिवाय शेती कळणार नाही. मग त्याने सहकाऱ्यांसह एक अख्खं गाव अभ्यासाला घेतलं. कुठलं? पिंपळे सौदागर! होय, आज जिथे बाराव्या मजल्यावरून पवना दिसते, तेच. १९१७ मध्ये हा अभ्यास पुस्तकरूपाने आला. १९२१ मध्ये न. वि. कानिटकर यांच्याबरोबर शिरूर तालुक्यातल्या जातेगाव बुद्रुकचा दुसरा भाग आला. कानिटकर पुढे कोरडवाहू शेतीच्या संशोधनासाठी ओळखले गेले.

मॅनने जुने कागद काढून सरासरी जमीनधारणा मांडली. १७७१ मध्ये ४० एकर, १८१८ मध्ये साडेसतरा एकर आणि १९१४-१५ मध्ये ७ एकर. तेही सलग नाही. दीडशेच्या आसपास खातेदारांची जमीन सातशेहून अधिक तुकड्यांत विखुरलेली होती, त्यातले निम्म्याहून अधिक तुकडे एकरापेक्षा लहान. केवळ शेतीवर नीट जगणारी घरं हाताच्या बोटांवर मोजावीत इतकी कमी. बरीचशी घरं बाहेरच्या मजुरीवर तगलेली होती, आणि जवळच खडकीचा दारूगोळा कारखाना होता.

म्हणजे ‘पिंपरी-चिंचवडमध्ये कारखाने आले आणि शेतकरी कामगार झाला’ ही गोष्ट आपण १९५४ च्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्सपासून किंवा १९६२ मध्ये स्थापन झालेल्या एमआयडीसीपासून सुरू करतो, ती किमान अर्धं शतक आधी सुरू झाली होती. घरातला तरणा माणूस पगारावर गेला की मोट कोण हाकणार? खुरपणी कोण करणार? रोज तोडावी लागणारी भेंडी घ्यायची की एकदाच काढायची कोथिंबीर, हा निर्णय मजुरावर ठरतो, हवामानावर नाही. अल्पभूधारकाचं नियोजन अभ्यासताना ‘घरात शेतीला किती हात आहेत’ हा रकाना नसेल, तर तो तक्ता अपुरा समजा.

नदी, वीज आणि पंप

इंद्रायणीचं पाणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आणखी एका दिशेने गेलं. लोणावळ्याजवळ वळवण इथे टाटांनी धरण बांधलं. पूर्वेला वाहणाऱ्या खोऱ्यातलं पाणी घाटाखाली खोपोलीला नेऊन वीज निर्माण होऊ लागली, ती मुंबईसाठी. खोपोलीचं केंद्र १९१५ मध्ये सुरू झालं.

गावोगाव शेतीला वीज पोचायला मात्र स्वातंत्र्यानंतरची दोन दशकं गेली. आधी ऑइल इंजिन, मग विजेची मोटर. मोट माळ्यावर गेली. नदीवर कोल्हापूर पद्धतीचे बंधारे झाले, पावसाळा संपला की ढापे टाकून पाणी अडवायचं. उपसण्याचे दोन तास दहा-पंधरा मिनिटांवर आले आणि विहिरीलगतचं माळवं लांबच्या तुकड्यापर्यंत पोचलं.

पण बघा, पंपाने पाणी काढण्याचा वेग वाढवला, विहिरीचा झरा वाढवला नाही. मोटेला विहिरीचा तळ दिसायला महिना लागायचा, पंपाला एक दुपार पुरते. त्यात शेतीची वीज काही तासच, कधी दिवसपाळी तर कधी रात्रपाळी. म्हणजे जी मर्यादा पूर्वी बैलाच्या ताकदीत होती, ती आता झऱ्यात आणि विजेच्या वेळापत्रकात आली.

बाजाराची तारीख

पुण्याची मोठी मंडई १८८६ मध्ये उभी राहिली. तेव्हा तिचं नाव रे मार्केट. नगरपालिकेचे सदस्य असताना फुल्यांनी या इमारतीवरच्या खर्चाला विरोध केला होता, आणि पुढे तिलाच महात्मा फुले मंडई हे नाव मिळालं. शहर वाढलं, लष्करी छावण्या वाढल्या, आणि ताज्या भाजीला रोजचं गिऱ्हाईक तयार झालं.

रोजचं गिऱ्हाईक म्हणजे रोजचा भाव, आणि तो कधी पडेल सांगता येत नाही. हा प्रश्न राजकारणात आला तो याच पट्ट्यातून. स्वित्झर्लंडमधली नोकरी सोडून शरद जोशी १९७७ मध्ये चाकणजवळच्या आंबेठाणला शेती करू लागले. चाकण हा कांद्या-बटाट्याचा मोठा बाजार. कांद्याच्या भावावरून चाकणला आंदोलनं झाली, १९७९ मध्ये शेतकरी संघटना उभी राहिली आणि ‘वारकरी’ नावाचं साप्ताहिकही निघालं. त्यांचा मुद्दा साधा होता: उत्पादन वाढवा म्हणता, पण खर्चही निघत नसेल तर वाढलेलं उत्पादन कुणाच्या फायद्याचं? भाडं, हमाली, तोलाई वजा जाऊन शेतकऱ्यालाच उलटे पैसे द्यावे लागतात, त्याला ‘उलटी पट्टी’ म्हणतात. हा शब्द तुमच्या प्रश्नावलीत असू द्या.

सगळ्यांनी एकाच शिफारशीप्रमाणे एकाच पंधरवड्यात लागवड केली तर माल एकाच पंधरवड्यात येणार. तांत्रिकदृष्ट्या बिनचूक तारीख बाजारात सर्वांत वाईट ठरू शकते ती अशी.

‘बीज झाली की लावायचो’: मुलाखतीतली तारीख कशी वाचायची?

देहूत जुन्या माणसांच्या मुलाखती घ्यायला गेलात तर तारखा इंग्रजी महिन्यांत मिळतीलच असं नाही. ‘बीजेच्या आधी भेंडी सुरू व्हायची’, ‘पालखी हलायच्या आत वेल काढायचे’ अशी उत्तरं येऊ शकतात. तुकाराम बीज म्हणजे फाल्गुन वद्य द्वितीया आणि पालखीचं प्रस्थान ज्येष्ठ वद्य सप्तमीला. गावातला उन्हाळी माळव्याचा काळ साधारण या दोन दिवसांच्या मध्ये बसतो.

पण या तिथ्या चांद्र आहेत. बीज २०२३ मध्ये ९ मार्चला होती, २०२४ मध्ये २७ मार्चला आणि २०२५ मध्ये १६ मार्चला. एका वर्षात १८ दिवसांचा फरक! भेंडी पेरल्यापासून ४५-५० दिवसांत तोड्याला येते. तिच्यासाठी १८ दिवस म्हणजे फार झाले. याउलट शेतकरी पेरणीसाठी वापरतो ती नक्षत्रं सूर्याची. रोहिणी २५ मेच्या सुमारास आणि मृग ७-८ जूनला, दरवर्षी जवळपास त्याच दिवशी. सणाची तारीख चंद्राची आणि शेताची सूर्याची, हा फरक आपल्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या सांभाळला आहे. म्हणून ‘बीजेच्या आधी’ असं कुणी सांगितलं तर ते कुठल्या वर्षाबद्दल बोलतायत ते विचारा, त्या वर्षाचं पंचांग काढा आणि मगच तक्त्यात तारीख भरा.

आजचे वीस गुंठे

आता हा सगळा इतिहास एका छोट्या नियोजनात वापरून बघू. समजा देहूजवळ एका कुटुंबाकडे वीस गुंठे, ठिबक आणि एक विहीर आहे. विहीर रोज एप्रिलमध्ये १२,००० लिटर आणि मेमध्ये ६,००० लिटर भरून येते. ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के आणि पिकाची गरज तीच ६ मिलिमीटर. मग एप्रिलमध्ये १८ गुंठे भिजतात, मेमध्ये फक्त ९.

म्हणजे नियोजन मेपासून मागे करायचं. मेमध्ये उभं राहणारं पीक ९ गुंठ्यांच्या वर नको. तिथे फेब्रुवारीच्या अखेरीस दोडका किंवा गवार. उरलेल्यातल्या ९ गुंठ्यांत जानेवारीच्या शेवटी भेंडी, मार्चच्या मध्याला तोडे सुरू, एप्रिलअखेर रान मोकळं. याच्या आधी लावावी तर जानेवारीतल्या थंडीत उगवण मंदावते. उशिरा लावावी तर पाणी नाही आणि पांढऱ्या माशीमुळे येणारा हळद्या रोग वाढतो. राहिले दोन गुंठे, त्यात पावसाळी रोपवाटिका. वीसही गुंठे लावले असते तर कागदावरचं उत्पन्न जास्त दिसलं असतं आणि मेमध्ये सगळंच करपलं असतं.

अठरा गुंठ्यांची माळवं-शेती कुणाला क्षुल्लक वाटेल. पण चाकणच्या कंपनीत कंत्राटी काम करणाऱ्या मुलाचा पगार थांबतो त्या महिन्यात घर याच गुंठ्यांवर चालतं. पिंपळे सौदागरचा १९१७ चा हिशोब इथे अजून मिटलेला नाही, फक्त खडकीच्या जागी चाकण आलंय. त्यात एक नवा रकाना वाढलाय: पाण्याची प्रत. इंद्रायणीचं प्रदूषण आणि आळंदीजवळचा फेस आपण बातम्यांत बघतो. नदीकाठच्या विहिरीचं पाणी पालेभाजीला द्यावं का, हा प्रश्न मॅनला पडला नव्हता. तो तुमच्या पिढीने तपासायचा आहे, आणि तिथे आपलं रसायनशास्त्र कामाला येईल.

तेव्हा प्रपोजल लिहायला बसण्याआधी एक काम करा. तुमच्या गावातली एक विहीर निवडा. ती कुणी, कधी, कुठल्या पैशांतून खणली, तिच्यावर मोट कधी थांबली, मोटर कधी आली, तिच्याखाली तेव्हा किती गुंठे भिजायचे आणि आता किती, हे सातबाऱ्यातून आणि माणसांकडून काढा. दर पंधरवड्याला तिच्या पाण्याची पातळी मोजा. एवढं हाती आलं की लागवडीच्या तारखेचा रकाना शेवटी भरा.